अल्प अंतराच्या शर्यती व त्यांच्या वेळांची तुलना

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत मिल्खा सिंग चौथे आले. त्यांची अधिकृत वेळ ४५.६ सेकंद अशी नोंदली गेली. पुढे अडतीस वर्षांनी, १९९८ साली, परमजित सिंग ह्यांनी कलकत्त्यास हेच अंतर ४५.७० सेकंदांत कापले आणि भारतीय उच्चांक त्यांच्या नावे लागला. दशांश अपूर्णांक नुकतेच शिकलेला विद्यार्थीही येथे अडखळेल. शर्यतीत लहान संख्या श्रेष्ठ, आणि ४५.६ ही संख्या ४५.७० पेक्षा निःसंशय लहान आहे. मग मोठ्या संख्येने लहान संख्येचा उच्चांक मोडला तो कसा?

ह्याचे उत्तर असे की, ४५.६ ही पंचांच्या हातांतील स्टॉपवॉचने घेतलेली वेळ होती. रोम येथे स्वयंचलित यंत्रानेही वेळ टिपली जात होती, आणि त्या यंत्राप्रमाणे मिल्खा सिंग ह्यांची वेळ ४५.७३ सेकंद भरली. परमजित सिंग ह्यांची वेळ यंत्राची होती. यंत्राची यंत्राशी तुलना केली असता ०.०३ सेकंदाने उच्चांक मोडला, हे उघड होते.

प्रस्तुत टिपणाचा विषय भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु दोन बोलींत एकच शब्द भिन्न अर्थांनी वापरला जावा आणि ऐकणाऱ्याने त्याचा एकच अर्थ गृहीत धरावा, तशातलाच हा प्रकार आहे. धावण्याची वेळ ही नुसती संख्या नव्हे. ते एक विधान आहे. ‘अमुक क्षणी सुरू झालेले घड्याळ अमुक क्षणी थांबले, मधला काळ अमुक रीतीने पूर्णांकित केला, आणि त्या वेळी हवा अशी अशी होती’ एवढे सारे त्या संख्येत गर्भित असते. वृत्तपत्रांत संख्या तेवढी छापली जाते. उरलेले विधान गळून पडते. तुलना करावयाची तर हे गळालेले भाग प्रथम परत जोडले पाहिजेत.

प्रथम घड्याळ केव्हा सुरू होते ते पाहू. हाताने वेळ घेणारा पंच समाप्तिरेषेपाशी उभा असतो. पिस्तूल उडते ते शंभर मीटर दूर. त्याने धूर अथवा ज्वाला पाहून कळ दाबावी असा नियम आहे. दिसणे आणि दाबणे ह्यांत सुमारे ०.२ सेकंद जातो. शर्यतीच्या शेवटी मात्र धावपटू जवळ येताना पंचाला दिसत असतो, त्यामुळे अंगठा आधीच सज्ज असतो व तेथे विलंब जवळजवळ होत नाही. म्हणजे घड्याळ उशिरा सुरू होते आणि वेळेवर थांबते. परिणामी नोंदलेली वेळ खऱ्यापेक्षा कमी येते. पंचाने धूर न पाहता आवाज ऐकून कळ दाबली तर आणखी अनर्थ होतो. शंभर मीटर अंतर कापण्यास ध्वनीला सुमारे ०.२९ सेकंद लागतात, आणि तेवढी भेट धावपटूला फुकट मिळते. आपल्याकडील अनेक शालेय मैदानांवर शिटी वा लाकडी फळ्यांच्या आवाजावर शर्यत सोडतात. तेथील आश्चर्यकारक वेळांचे रहस्य पुष्कळदा मुलांच्या पायांत नसून ह्या ०.२९ सेकंदात असते.

हातघेणीच्या वेळेस यांत्रिक वेळेच्या पंक्तीस बसविण्यासाठी एक संकेत रूढ आहे : १०० व २०० मीटरच्या वेळेत ०.२४ सेकंद आणि ४०० मीटरच्या वेळेत ०.१४ सेकंद मिळवावेत. मिल्खा सिंग ह्यांच्या ४५.६ मध्ये ०.१४ मिळविल्यास ४५.७४ येतात, प्रत्यक्ष यांत्रिक वेळ ४५.७३ होती. इतका सुंदर मेळ पाहून सूत्रावर विश्वास बसू लागतो. पण त्याच शर्यतीतील इतर धावपटू पाहावेत. पहिले दोघे, ओटिस डेव्हिस व कार्ल कॉफमन, हातघेणीने दोघेही ४४.९, यंत्राने ४५.०७ व ४५.०८. तिसरे आलेले माल्कम स्पेन्स हातघेणीने ४५.५, यंत्राने ४५.६०. एकाच शर्यतीत, एकाच पिस्तुलावर, एकाच मंडळाच्या पंचांकडून पडलेला फरक एकाच्या बाबतीत ०.१० तर दुसऱ्याच्या बाबतीत ०.१८ सेकंद आहे. मिल्खा सिंग ह्यांचे कांस्यपदक हातघेणीने ०.१ सेकंदाने हुकले, यंत्राने ०.१३ सेकंदाने.

शंभर मीटरमध्ये तर ही तफावत अधिकच चंचल आहे. १९६० सालीच झुरिक येथे आर्मिन हारी ह्यांनी १०.० सेकंदांचा जागतिक उच्चांक केला. यंत्राने ती वेळ १०.२५ दाखविली. त्याच वर्षी रोमला त्यांची विजयी वेळ हातघेणीने १०.२, यंत्राने १०.३२. म्हणजे झुरिकला पाव सेकंदाचा फरक, रोमला त्याच्या निम्माच. कागदावर झुरिकची धाव रोमपेक्षा ०.२ सेकंदाने सरस दिसते. यंत्राच्या लेखी ती ०.०७ नेच सरस आहे. १९६८ साली सॅक्रामेंटो येथे जिम हाइन्स ह्यांची वेळ ९.९ नोंदली गेली आणि मानवाने १० सेकंदांची भिंत ओलांडली असे जाहीर झाले. यंत्र मात्र १०.०३ म्हणत होते. ती भिंत यंत्राच्या साक्षीने प्रथम ओलांडली गेली ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेक्सिको शहरात, ९.९५ सेकंदांनी, आणि तीही हाइन्स ह्यांनीच.

तात्पर्य, ०.२४ ही संख्या सरासरीवर बेतलेला संकेत आहे. शेकडो वेळांचे दोन गट तुलनेस घेतले तर तो उपयोगी पडतो. दोन व्यक्तींमधला निवाडा त्याच्या बळावर करणे धोक्याचे होय. आंतरराष्ट्रीय महासंघाने ही अडचण ओळखून १ जानेवारी १९७७ पासून ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींत केवळ स्वयंचलित वेळाच जागतिक उच्चांकासाठी ग्राह्य धरण्याचे ठरविले. त्यामुळे १०.० आणि १०.०० ह्या दोन लेखनांत आता मोठे अंतर आहे. गणितात ती एकच संख्या. शर्यतीच्या नोंदीत मात्र एक अंक अधिक लिहिणे म्हणजे ‘ही वेळ यंत्राची आहे’ असे प्रतिज्ञेवर सांगणे होय. हातघेणीच्या १२.४ ला १२.४० असे लिहिणारा लिपिक नकळत खोटी साक्ष देतो.

स्वयंचलित पद्धतीत पिस्तुलाचा संकेत थेट घड्याळास जोडलेला असतो व समाप्तिरेषेवर रोखलेला कॅमेरा अरुंद फटीतून त्या एकाच रेषेचे अखंड चित्र घेत राहतो. धावपटूचे धड, म्हणजे डोके, मान, हात व पाय वगळता उरलेले शरीर, रेषेच्या पातळीस ज्या क्षणी पोहोचते तो क्षण चित्रावरून वाचतात. वाचन सहस्रांश सेकंदापर्यंत होते. अधिकृत वेळ मात्र पुढच्या शतांशापर्यंत वाढवून देतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नोआ लाइल्स ९.७८४ व किशेन थॉम्प्सन ९.७८९ सेकंदांत पोहोचले. दोघांची अधिकृत वेळ ९.७९ अशीच झाली आणि सुवर्णपदक सहस्रांशांनी ठरले. ह्याच्या उलट, २००६ साली दोहा येथे जस्टिन गॅटलिन ह्यांची ९.७६६ ही वेळ चुकीने ९.७६ अशी जाहीर झाली. काही दिवसांनी ती सुधारून ९.७७ केली गेली, आणि ‘नवा उच्चांक’ केवळ ‘उच्चांकाची बरोबरी’ ठरला. (पुढे उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात ती धावच रद्दबातल झाली, ही गोष्ट वेगळी.) उच्चांक सहस्रांशांत का देत नाहीत, असा प्रश्न येथे सहज सुचतो. ०.००१ सेकंदात वेगवान धावपटू सुमारे १.२ सेंटिमीटर जातो, आणि दोन शहरांतील धावमार्ग इतक्या काटेकोरपणे सारखे आखलेले असतील अशी खात्री देता येत नाही. एका शर्यतीत सहस्रांश प्रमाण मानावेत, दोन शर्यतींत मानू नयेत, ही भूमिका तर्कशुद्धच आहे.

जाता जाता एक गंमत नमूद करावीशी वाटते. आपल्या जुन्या कालगणनेत पळ २४ सेकंदांचे आणि विपळ ०.४ सेकंदाचे. उसेन बोल्ट ह्यांची ९.५८ सेकंदांची धाव ह्या हिशेबाने चोवीस विपळांना किंचित उणी भरते. घटिकापात्राच्या काळात विपळ हे केवळ गणितात जगणारे परिमाण होते. आज एका विपळात सारा अंतिम गट येऊन जातो.

यंत्राने वेळ घेतली म्हणजे ती शुद्ध धावण्याची वेळ झाली, असेही नाही. घड्याळ पिस्तुलाबरोबर सुरू होते, धावपटूबरोबर नव्हे. आवाज ऐकून पायाने ठोकळ्यावर दाब देईपर्यंतचा प्रतिसादकाल त्या वेळेत मोजला जातो; तो ०.१०० सेकंदापेक्षा कमी आला तर सुरुवात चुकीची धरतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोनोव्हन बेली ९.८४ सेकंदांत जिंकले, त्यांतले ०.१७४ सेकंद ते अद्याप हललेलेही नव्हते. १९९१ च्या टोकियो येथील जागतिक स्पर्धेत कार्ल लुइस ९.८६ व लेरॉय बरेल ९.८८, प्रतिसादकाल अनुक्रमे ०.१४० व ०.१२०. म्हणजे धावण्यापुरते पाहिल्यास दोघांतील अंतर ०.०२ नसून ०.०४ होते. प्रतिसादकाल वजा करणे योग्य की अयोग्य हे आपण काय विचारतो त्यावर अवलंबून आहे. ‘शर्यत कोणी जिंकली’ ह्या प्रश्नात तो हवाच. ‘कोणाचे पाय वेगवान’ ह्या प्रश्नात तो नको.

हा भेद ध्यानात न घेतल्याने होणारा सर्वांत मोठा घोटाळा अमेरिकन फुटबॉलच्या संदर्भात दिसतो. तेथे नव्या खेळाडूंची ४० यार्डांची, म्हणजे ३६.५८ मीटरची, चाचणी घेतात. २०२४ साली झेवियर वर्दी ह्यांची वेळ ४.२१ सेकंद झाली व ती तोवरच्या अशा चाचण्यांतील सर्वांत कमी होती. ह्या चाचणीत पिस्तूल नाही. खेळाडू स्वेच्छेने निघतो, त्याची पहिली हालचाल पाहून एक मनुष्य हाताने घड्याळ सुरू करतो, आणि शेवटी यंत्र ते थांबवते. म्हणजे खेळाडूचा प्रतिसादकाल मोजला जात नाही, आणि वर घड्याळ सुरू करणाऱ्याचा विलंबही खेळाडूच्या पदरात पडतो. आता बर्लिनमधील २००९ ची ९.५८ ची धाव घ्या. त्या धावेतील टप्पे मोजलेले आहेत : २० मीटर २.८९, ४० मीटर ४.६४, ६० मीटर ६.३१, ८० मीटर ७.९२ सेकंद. ४.६४ मधून ०.१४६ चा प्रतिसादकाल वजा केला आणि ४० यार्डांपलीकडच्या सुमारे ३.४ मीटरांचे ०.२९ सेकंद सोडले, तर ४.२० च्या आसपास वेळ येते. ‘पाहा, फुटबॉलपटू बोल्टच्या तोडीचा!’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण एकाच्या मागे सेकंदाला ०.९ मीटर वारा, पायाशी ठोकळे व काट्यांचे बूट. दुसरा बंदिस्त मैदानात, ठोकळ्यांवाचून, परंतु अंगठ्याच्या कृपेने सुरू झालेल्या घड्याळावर. हा हिशेब फार तर इतकेच दाखवितो की, मूळ आकडे, ४.६४ व ४.२१, शेजारी शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

वरील टप्प्यांवरून आणखी एक बोध होतो. पहिल्या वीस मीटरांस २.८९ सेकंद लागले; ६० ते ८० ह्या वीस मीटरांस १.६१, म्हणजे सेकंदाला १२.४ मीटर. धाव ही समान वेगाची नाही, म्हणून सरासरी वेगाने दोन अंतरांची तुलना करणे ही फसवणूक होय. १९९६ साली ह्याच फसवणुकीतून मोठा वाद माजला. अटलांटा येथे मायकेल जॉन्सन ह्यांनी २०० मीटर १९.३२ सेकंदांत पार केले. त्याची निमपट ९.६६, बेलींची १०० मीटरची वेळ ९.८४. तेव्हा जॉन्सन हेच जगातील सर्वांत वेगवान पुरुष, असा पक्ष अमेरिकेत मांडला गेला. ह्या भागाकारात दोष असा की, २०० मीटरमधील दुसरे शंभर मीटर उभे राहून सुरू होत नाहीत. जॉन्सन ह्यांचे पहिले शंभर १०.१२, दुसरे ९.२० सेकंदांत झाले. थांबलेल्या अवस्थेतून वेग घेण्याची किंमत एकदाच मोजावी लागते. २०० मीटरमध्ये ती दुप्पट अंतरावर विभागली जाते एवढेच. अर्थात पहिले शंभर वळणावरचे असल्याने उलट दिशेचीही थोडी तूट आहेच. १९९७ साली टोरांटो येथे १५० मीटरची खास शर्यत योजून हा वाद मिटविण्याचा घाट घातला गेला. बेली १४.९९ सेकंदांत जिंकले. जॉन्सन मांडीच्या दुखापतीने मध्येच थांबले. वाद जेथे होता तेथेच राहिला.

आता हवेकडे वळू. १०० मीटरसाठी, पिस्तूल उडाल्यापासून दहा सेकंद, धावमार्गाच्या कडेला मध्यावर ठेवलेल्या एका यंत्राने वाऱ्याची सरासरी मोजतात. अनुकूल वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा अधिक असल्यास उच्चांक मानीत नाहीत. १.९ मीटर आणि उणे १.९ मीटर ह्या दोन्ही वाऱ्यांतील वेळा मात्र यादीत एकाच रांगेत बसतात, हे ध्यानात ठेवावे. हवेचा अवरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १० मीटर धावणाऱ्यास शांत हवेत १०० एकक अवरोध होतो असे मानू. पाठीमागून २ मीटर वारा आला तर सापेक्ष वेग ८, अवरोध ६४. समोरून आला तर सापेक्ष वेग १२, अवरोध १४४. लाभ ३६, तोटा ४४. म्हणून समोरचा वारा जितके नेतो तितके पाठचा वारा देत नाही. लिनथॉर्न ह्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २.० मीटर अनुकूल वाऱ्याचा लाभ पुरुषांस सुमारे ०.१० व स्त्रियांस सुमारे ०.१२ सेकंद काढला आहे. उंचीचा परिणाम त्याहून सौम्य : हजार मीटर चढल्यास सुमारे ०.०३ सेकंद.

म्यूरिका ह्या पदार्थवैज्ञानिकाने वारा व उंची ह्या दोहोंसाठी एक सुटसुटीत सूत्र दिले आहे. त्या सूत्राने काही प्रसिद्ध वेळा समुद्रसपाटीवरील शांत हवेत उतरवून पाहता मौज दिसते. बोल्ट ह्यांची बीजिंगची (२००८) ९.६९ ही वेळ शून्य वाऱ्यातील असल्याने तशीच राहते. लंडनची (२०१२) ९.६३ ही वेळ १.५ मीटर अनुकूल वाऱ्यातील, ती ९.७१ होते. अधिकृत यादीत लंडनची धाव वरची आहे; हवा वजा केल्यावर दोन्ही जवळजवळ सारख्या, किंबहुना बीजिंगची कणभर सरस, आणि तीही शेवटचे काही मीटर छाती ठोकत धावलेली. बर्लिनची ९.५८ मात्र ९.६३ होऊनही सर्वांच्या पुढेच राहते. ह्याउलट ओबाडेले थॉम्प्सन ह्यांनी १९९६ साली एल पासो येथे ५.७ मीटर वाऱ्यात, सुमारे ११०० मीटर उंचीवर, नोंदविलेली ९.६९ ही वेळ ९.९३ वर येते. अंक तेच, अर्थ पाव सेकंदाने वेगळा. हाइन्स ह्यांची मेक्सिको शहरातील ९.९५ सुमारे १०.०४ होते. ते शहर २२४० मीटर उंचीवर आहे व तेथील हवा सुमारे एक पंचमांशाने विरळ आहे. सॅक्रामेंटोला यंत्राने दाखविलेली त्यांची वेळ १०.०३ होती हे आठवावे. मला ह्यात विसंगती अशी वाटते की, नियम वाऱ्यास मर्यादा घालतो, उंचीस घालीत नाही. हाइन्स ह्यांची वेळ पंधरा वर्षे अबाधित राहिली, आणि १९८३ साली कॅल्व्हिन स्मिथ ह्यांनी ९.९३ सेकंदांनी ती मोडली तीही कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे, सुमारे २२०० मीटर उंचीवरच.

सूत्र कितीही चांगले असले तरी त्यात घालावयाचा वाऱ्याचा आकडा खरा असावा लागतो. १९८८ साली इंडियानापोलिस येथे फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनर ह्यांनी १०.४९ सेकंद नोंदविले, तेव्हा धावमार्गावरील यंत्र ०.० दाखवीत होते, आणि त्याच सुमारास तिहेरी उडीच्या पट्ट्यावरील यंत्र ४.३ मीटर. दुसऱ्या दिवशी अंतिम शर्यतीत १.२ मीटर वाऱ्यात त्यांची वेळ १०.६१ आली. १०.४९ चा उच्चांक मान्य झाला व पुस्तकात राहिला. माझ्या मते ह्या धावेची तुलना कोणत्याही धावेशी करता येत नाही, कारण तिच्या विधानातील एक पद संशयित आहे.

हा सारा खल जागतिक उच्चांकांपुरता असता तर विभागाच्या पत्रिकेची इतकी पृष्ठे खर्ची घातली नसती. परंतु जिल्ह्याच्या संघाची, क्रीडा-शिष्यवृत्तीची वा प्रशिक्षण-केंद्राची निवड पुष्कळदा कागदावरील वेळांवरून होते. समजा, तालुक्याच्या मातीच्या मैदानावर एका मुलीची १०० मीटरची वेळ हातघेणीने १२.६ आली, आणि शहरातील कृत्रिम धावमार्गावर दुसरीची यंत्राने १२.७९. कागदावर पहिली पुढे. संकेताप्रमाणे ०.२४ मिळविल्यास पहिली १२.८४, म्हणजे दुसरी पुढे. पण वर पाहिल्याप्रमाणे हा फरक ०.१० ही असू शकतो आणि ०.२५ ही, मातीचे मैदान पहिलीस किती मागे खेचते ते वेगळेच, आणि वारा दोहोंकडे मोजलेला नाही. येथे कोणतेही सूत्र वापरून दोघींपैकी एकीस घरी पाठविणे म्हणजे चिठ्ठी टाकण्यासारखेच आहे. फक्त चिठ्ठीला दशांशचिन्ह आहे.

म्हणून नोंदवहीत वेळेपुढे ‘हस्त’ किंवा ‘यंत्र’ हा शब्द, वारा मोजला असल्यास त्याचा आकडा, नसल्यास ‘वारा मोजलेला नाही’ हे वाक्य, आणि मैदान मातीचे की कृत्रिम एवढे तरी लिहावे. जुन्या वह्यांतील यार्डांच्या वेळा तशाच ठेवाव्यात : १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, ही शर्यतच निराळी. मुंबईचे लेव्ही पिंटो १९५१ च्या दिल्ली येथील पहिल्या आशियाई स्पर्धेत १०० मीटर १०.८ सेकंदांत जिंकले. ती वेळ १०.८ अशीच लिहावी, ११.०४ असे लिहिल्यास कोणत्याही घड्याळाने न दाखविलेली वेळ इतिहासात शिरते. आणि त्या दोन मुलींपैकी एकीची निवड करावयाचीच असेल तर त्यांना एका सकाळी, एका मार्गावर, शेजारच्या मार्गिकांत एका पिस्तुलावर धावू द्यावे. तेथे स्टॉपवॉच नसले तरी चालेल.